सायकल दिली, आता पानाही द्या

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल घ्यायला राज्य सरकार पैसे देते. पूर्वी ही रक्कम 3500 रुपये होती, 2022 मध्ये ती 5000 झाली. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या मुलीला हा लाभ एकदाच मिळतो. योजना चांगली आहे आणि ती चालू राहिलीच पाहिजे. पण आठवीत घेतलेल्या सायकलीने बारावीपर्यंत साथ द्यायची, तर पाच वर्षांत तिला काय काय लागेल याचा हिशेब या योजनेत नाही. टायर झिजतात, ट्यूबला जागोजागी ठिगळे लागतात, ब्रेकचे रबर संपते, चेन ढिली होऊन उतरू लागते, खडबडीत रस्त्यावर चाकाला आऊट येतो. पूर्वी गावात सायकलचे दुकान असायचे. ज्याच्या हातात कला होती तो मिस्त्री आता मोटरसायकली दुरुस्त करतो, कारण पैसा तिकडे आहे. मग सायकल बंद पडली की ती पडवीत उभी राहते. वडिलांना किंवा भावाला तालुक्याला जायला सवड होईल तेव्हा दुरुस्ती, तोवर मुलगी पायी. वाट लांबची असेल, दिवस पावसाचे असतील, तर आधी एखादा दिवस बुडतो आणि मग आठवडा. माझे म्हणणे असे की, प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आवारात किंवा जवळपास लोकांनी सहकाराने चालवलेले एक सायकलदुरुस्ती केंद्र हवे. आणि त्या केंद्राने सर्वांत जास्त काळजी जागेची किंवा हत्यारांची न करता तिथे काम करणाऱ्या स्वयंसेवक मेकॅनिकांच्या प्रशिक्षणाची करायला हवी.

सायकलीने काय साधते हे आता अंदाजाने सांगावे लागत नाही. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा परिणाम मोजला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले, मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत 40 टक्क्यांनी घटली, आणि हा फायदा मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत झाला. मात्र शाळेत नाव घालणे वेगळे आणि रोज वेळेवर वर्गात बसणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी प्रकाश यांनीच सहकाऱ्यांबरोबर पुढे केलेला झांबियातल्या ग्रामीण मुलींचा अभ्यास पाहावा. तिथे वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था मुलींना सायकली देते, आणि त्याच भागातल्या माणसांना दुरुस्तीचे शिक्षण देऊन सुट्या भागांचीही सोय करते. या मुलींचा ये-जा करण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने वाचला आणि गैरहजेरी एक चतुर्थांशाहून अधिक कमी झाली. संशोधकांनी सायकल मिळालेल्या मुलींचे दोन गट केले होते. एका गटात सुट्या भागांचा खर्च कार्यक्रमाने उचलला, दुसऱ्यात पालकांनी त्यासाठी थोडी रक्कम भरली. पुढच्या आयुष्याबद्दलच्या आकांक्षा, स्वतःविषयीचे मत आणि लग्न लांबवण्याची इच्छा यांत वाढ दिसली ती पालकांनी पैसे भरलेल्या गटात. त्यामागची कारणे काहीही असोत, दुरुस्तीचा विचार योजना आखतानाच केला होता आणि घरच्यांना त्यात वाटेकरी केले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे खरेदीची पावती सादर झाली की सरकारच्या लेखी विषय संपतो.

वस्तू पुरवायची आणि देखभाल वाऱ्यावर सोडायची, ही चूक आपण पूर्वी हातपंपांच्या बाबतीत केली आहे आणि ती सुधारलीही आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा देशात बसवलेल्या हातपंपांपैकी बहुसंख्य बंद आढळले. त्यानंतर इंडिया मार्क-2 हा मजबूत पंप तयार झाला. त्याचा आधार होता सोलापूर पंप, जो एका स्वयंशिक्षित मेकॅनिकने घडवला होता. या मातीतल्या कारागिरीचे हे केवढे मोठे यश, आणि ते आपल्यालाच फारसे माहीत नाही! पण मजबूत पंपही कधीतरी बिघडतोच, आणि मार्क-2 उघडायला जड साहित्य, गाडी आणि बाहेरून येणारी माणसे लागत. म्हणून पुढे मार्क-3 आला. त्यात विहिरीतला पाइप वर न काढताच आतला दट्ट्या बाहेर काढता येतो, म्हणजे दुरुस्ती गावातल्या गावात होते. याच सुमारास, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमाने दलित आणि कोल समाजातल्या स्त्रियांना हातपंप दुरुस्ती शिकवली. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. ज्या पाण्याला हात लावायलाही त्यांना मज्जाव होता, त्या पाण्याचे यंत्र त्या उघडू आणि जोडू लागल्या. बांद्यातल्या त्या बायकांपुढची अडचण आपल्या आठवीतल्या मुलीपेक्षा कितीतरी मोठी होती. त्यामुळे ‘आमच्या मुलींना हे जमेल का’ हा प्रश्न निदान मी तरी विचारणार नाही.

सायकलीपुरते बोलायचे तर अशी केंद्रे जगात बरीच वर्षे चालू आहेत. व्हिएन्नातल्या एका जुन्या रेल्वेइंजिन कारखान्याच्या इमारतीत भरणारी सायकल कार्यशाळा 1980च्या दशकापासून लोकांना स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करू देते. बॉस्टनची ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था 1984 मध्ये सुरू झाली. तिथे मुले जुनी सायकल उघडून, शिकून, पुन्हा जोडतात आणि ती सायकल त्यांची होते. लॉस एंजेलिसमधले ‘बायसिकल किचन’ 2002 मध्ये खरोखरच एका घराच्या स्वयंपाकघरात सुरू झाले. फ्रान्समध्ये अशा शंभराहून अधिक कार्यशाळा आहेत आणि 2010 पासून त्यांचा देशव्यापी संघ आहे. या सगळ्यांचा देश वेगळा, कायदा वेगळा, पण एक नियम बहुतेक ठिकाणी सारखा दिसतो: सायकल ज्याची, हात त्याचे. स्वयंसेवक शेजारी उभा राहतो, दाखवतो, अडले तर मदत करतो, पण पाना सायकलीच्या मालकाच्या हातात राहतो. हा नियम तिथल्या कोणाची लहर म्हणून आलेला नाही. स्वयंसेवकाने स्वतःच दुरुस्ती करायची ठरवली, तर दोन तासांत तो चार सायकली सोडवेल, पण पुढच्या आठवड्यात तेच चार जण पुन्हा रांगेत उभे असतील आणि त्यांच्या मागे नवे आठ. काही महिन्यांत स्वयंसेवक थकतो आणि केंद्राला कुलूप लागते. शिकवायला सुरुवातीला वेळ जास्त जातो, पण एकदा पंक्चर काढायला शिकलेली मुलगी त्या कामासाठी पुन्हा येत नाही. पुढे ती आलीच तर शेजारणीला शिकवायला येते.

म्हणूनच स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणात तंत्र अर्धेच असले पाहिजे. उरलेला अर्धा भाग दुसऱ्याला शिकू देण्याचा, आणि तो जास्त अवघड आहे, कारण चांगल्या कारागिराचा हात आपोआप पुढे जातो. चुकणाऱ्या माणसाच्या हातून पाना काढून घेणे ही त्याची सवय असते, त्यात वाईट हेतू नसतो. प्रशिक्षणात ती सवय मोडावी लागते. पहिल्या दिवसापासून उमेदवाराला सांगावे की तू पंक्चर काढायचे नाहीस, ते समोरच्या मुलीकडून करवून घ्यायचे, तोंडाने बोलायचे आणि हात मागे ठेवायचे. असे केले की स्वतःला काय नीट येत नाही ते त्यालाही कळते. पंक्चरचेच पाहा. भोक सापडले, जागा घासपेपरने घासली, सोल्युशन लावले, ठिगळ दाबले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण सोल्युशन लावल्यावर ते कोरडे होईपर्यंत थांबायचे असते, आणि ओल्यावर ठिगळ दाबले तर ते सुटते, हे शब्दांत सांगण्याची वेळ आली म्हणजेच लक्षात येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टायरच्या आतून जपून बोट फिरवून काटा शोधणे. मराठवाड्यात आणि विदर्भात वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. तो तसाच राहिला तर नवे ठिगळ दुसऱ्या दिवशी निरुपयोगी. घाईच्या दुकानात हे तपासायचे राहून जाते आणि गिऱ्हाईक ट्यूबला दोष देते.

अशा गोष्टी शिकवण्याचा क्रम ठरलेला हवा. पहिल्या टप्प्यात हवा, पंक्चर, तेल आणि सीटची उंची. सीट फार खाली असली तर गुडघे दुखतात, आणि वाढत्या वयाच्या मुलीची सीट वर्षातून एकदा तरी वर घ्यावीच लागते, हे साधे काम कोणी करत नाही. दुसऱ्या टप्प्यात ब्रेक कसणे आणि चेन. चेनच्या एका कडीची लांबी अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. दप्तरातली पट्टी लावून बघितले आणि त्या बारा इंच आणि एक अष्टमांश भरल्या तर चेन बदलायला झाली. वेळेवर बदलली नाही तर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते आणि खर्च वाढतो. गणिताच्या शिक्षकांनी अपूर्णांक शिकवताना ही पट्टी एकदा वापरून पाहावी. त्यानंतर पेडल, क्रँक आणि बेअरिंग. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते न कळल्यामुळे जोर लावून क्रँकचे आटे घालवणे ही नवशिक्याची सर्वांत महागडी चूक. चाकाचा आऊट काढणे सगळ्यात शेवटी, कारण त्याला नजर आणि सराव लागतो. भंगारातली चाके सरावासाठी ठेवावीत, चालू सायकलवर तो प्रयोग करू नये. आणि या सगळ्याबरोबर स्वयंसेवकाला ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असे म्हणायला शिकवावे. फ्रेमला किंवा पुढच्या फोर्कला तडा गेला असेल तर ती सायकल इथे दुरुस्त होत नाही, ती बाजूला काढायची, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा.

इथे सुरक्षिततेचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. चौदा वर्षांच्या मुलीने कसलेला ब्रेक उतारावर लागला नाही तर जबाबदार कोण? उत्तर तपासणीच्या शिस्तीत आहे. ज्याने काम केले त्याने ते तपासायचे नाही. ब्रेक, हँडल, चाकाचे नट या तीन गोष्टी दुसऱ्या, वरच्या टप्प्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने हाताने बघायच्या, वहीत सही करायची, आणि मगच सायकल आवाराबाहेर जाईल. इतकी तपासणी सध्या कुठे होते? आज त्या मुलीची सायकल भाऊ किंवा शेजारी पक्कडीने कशीबशी कसतो आणि तीच सायकल ट्रक-ट्रॅक्टरच्या रस्त्यावर धावते. धोका आहे तो केंद्र नसल्यामुळे आहे, हे ध्यानात घेऊन तुलना केली पाहिजे.

दुसरा आक्षेप सायकलवाल्याच्या पोटाचा आहे. तालुक्याच्या गावात झाडाखाली पंप आणि पत्र्याची पेटी घेऊन बसणारा मिस्त्री दिवसभराच्या पंक्चरवर घर चालवतो. त्याच्याच दारात फुकटात काम करणारे स्वयंसेवक उभे केले तर समाजसेवेच्या नावाखाली एका गरिबाचा धंदा बुडेल. हा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि याचे उत्तर गोड शब्दांत देऊन चालणार नाही. केंद्राचा पहिला पगारी माणूस हाच मिस्त्री असला पाहिजे. आठवड्यातून दोन दुपारी त्याने शिकवावे आणि त्याचे मानधन ठरलेले असावे, मागे लागून मिळणारे नको. पहिल्या दोन टप्प्यांपलीकडची कामे त्याच्याकडे जावीत, सुटे भाग शक्यतो त्याच्यामार्फत यावेत. ज्या गावात त्याचे दुकान नीट चालते तिथे केंद्राने शाळेच्या मुलांपुरतेच काम करावे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. त्या धोरणात सुतार, माळी, कुंभार यांची नावे आहेत, त्यांच्या पंगतीत सायकल मिस्त्रीला बसवायला कोणाची हरकत असणार? ज्याला आजवर ‘ए सायकलवाल्या’ म्हणून हाक मारली गेली, त्याला मुले सर म्हणतील. मानधनाइतकाच हा मानही त्याला मिळायला हवा.

तिसरा आक्षेप सहकारातल्या जाणत्यांकडून येईल: स्वयंसेवक टिकत नाहीत. दहावी-बारावी झाली की मुली शहरात जातात किंवा त्यांची लग्ने होतात, शिक्षकांच्या बदल्या होतात. हे सगळे खरे आहे आणि कोणत्याही भाषणाने ते बदलणार नाही. म्हणून केंद्राची रचनाच अशी हवी की माणसे जाणार हे गृहीत धरलेले असेल. प्रशिक्षण छोटे, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, आणि नववीच्या तुकडीने आठवीच्या तुकडीला दिलेले. तीन दिवसांत शिकवता येईल एवढेच पहिल्या टप्प्यात ठेवावे. टिकून राहणारा माणूस एकच हवा, तो म्हणजे पगारी मिस्त्री. बाकी प्रवाह वाहता असू दे. जी मुलगी पुण्याला किंवा नागपूरला शिकायला गेली ती पाना हरवून बसत नाही, वसतिगृहाच्या दारातली सायकल ती तिथेही दुरुस्त करते. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास समाजकार्य करायचे असते आणि सात दिवसांचे शिबिरही असते. त्या तासांत दरवर्षी रस्ते झाडण्याऐवजी जवळच्या शाळेच्या सायकली तपासल्या तर त्या तासांचे चीज होईल.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अमेरिका-युरोपातल्या अनेक कार्यशाळांना आठवड्यातली एक संध्याकाळ केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावी लागली. कारण मिश्र गर्दीत पुरुष स्वयंसेवक मदतीच्या उत्साहात पाना ओढून घेत आणि बायका बघत राहत. आपल्याकडे हे अधिक तीव्रतेने होईल. शाळेत केंद्र काढले आणि ते मुलांच्या टोळक्याच्या हाती गेले, तर मुलींची सायकल पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर. म्हणून निम्म्याहून अधिक स्वयंसेवक मुली आणि स्त्रिया असाव्यात आणि किल्ल्या त्यांच्याकडे असाव्यात. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवायला शिकल्या, तेव्हा टिंगलही झाली आणि बदनामीही. बायका मागे हटल्या नाहीत. सायकल चालवण्याचा तो हक्क आता आपल्या खेड्यांत बहुतेक ठिकाणी मान्य आहे, ती उघडून बघण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे.

शिक्षणाच्या दृष्टीनेही हे काही परके नाही. 1937 च्या वर्धा परिषदेत हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमची कल्पना मांडली गेली ती याच महाराष्ट्रात. पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. तिथल्या अभ्यासक्रमातली मुले हाताने काम करत शिकतात आणि शिकता शिकता गावाला उपयोगी सेवाही पुरवतात. तो अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांपर्यंत पोचला आहे. सायकल केंद्राला लागणारे तत्त्व आणि अनुभव आपल्याजवळ आहेत, ते बाहेरून आणावे लागणार नाहीत.

राहिला सरकारच्या जबाबदारीचा प्रश्न. काही जण म्हणतील, स्वयंसेवक उभे केले की सरकार अंग काढून घेईल, आणि खरे तर मुलींना एसटीची बस हवी. बस हवीच. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्यांचा उपयोग झाला आहे. पण बस डांबरी रस्त्यावरून जाते, वस्तीपासून त्या रस्त्यापर्यंतचा तुकडा सायकलीचाच आहे. आणि स्वयंसेवक म्हणजे फुकटचे मजूर नव्हेत, हे मलाही मान्य आहे. मिस्त्रीचे मानधन, हत्यारांचे दोन संच, सुट्या भागांचा साठा आणि पावसात कोरडी राहणारी एक खोली हा खर्च सरकारने आणि जिल्हा परिषदेने करायचा. पालकांनी वर्षाला थोडी वर्गणी भरायची, झांबियाचा अनुभव पाहता ती भरण्यातही अर्थ आहे. संस्था मात्र सहकारी असावी. आपल्या 1960 च्या सहकार कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा व्यक्तींना एकत्र येऊन संस्था नोंदवता येते. अठरा वर्षांखालच्या मुलींना सहसा सभासद होता येत नाही, पण त्यांच्या आयांना, माजी विद्यार्थिनींना, शिक्षकांना आणि मिस्त्रीला होता येईल. साखर कारखान्यांच्या या राज्यात दहा माणसांची एक छोटी संस्था चालवणे अवघड ठरू नये. तिचा हिशेब शाळेच्या फलकावर दर महिन्याला लागला तर तिच्यावर विश्वासही बसेल.

मानव विकास आयुक्तालयाने पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सायकलीच्या रकमेबरोबर दुरुस्ती आणि प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ती शाळेजवळच्या केंद्राकडे द्यावी. निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात दोन वर्षे हे करून पाहावे, आणि किती सायकली दिल्या याच्या जोडीला किती सायकली चालू आहेत याचीही मोजणी करून ती जाहीर करावी. तोवर शाळा व्यवस्थापन समित्यांना थांबायचे कारण नाही. जूनमध्ये लाभार्थी मुलींची यादी कराल, त्याच बैठकीला गावातल्या किंवा शेजारच्या बाजारगावातल्या सायकल मिस्त्रीला बोलवा आणि शिकवायला किती मानधन घ्याल, हे त्यालाच विचारा.